चमचाभर जड पाणी आणि डाळ न शिजणारी बोअर

अलिबाग तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

«माझी मुलगी पुण्यात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात फोनवर हसत हसत म्हणाली, आई, आम्ही लॅबमधलं जड पाणी चाखलं, गोड लागतं. चहाचा एक चमचा प्यायली म्हणे. मी मोबाइलवर शोधलं तर जड पाण्यानं मूल होत नाही, उंदीर मरतात, असं लिहिलेलं. तिचं लग्न ठरत आलंय. वजन पन्नास किलो. कुठल्या डॉक्टरला दाखवू? दुसरं म्हणजे थळचा जड पाण्याचा कारखाना आमच्यापासून लांब नाही, आणि बोअर मारली तेव्हा प्लंबर म्हणाला होता, ‹वहिनी, पाणी जड लागलंय.› डाळ शिजत नाही ते तेव्हापासून, आता झोपही लागत नाही. परवा एक मशीनवाला येऊन गेला. त्याचं मशीन पाण्यातलं ड्युटेरियम काढून ‹हलकं पाणी› देतं म्हणे. घ्यावं का?»

ताई, आधी मुलीचं सांगतो. एक चमचा जड पाण्यानं तिला काहीही होणार नाही. वंध्यत्व नाही, अशक्तपणा नाही, पुढे होणाऱ्या बाळाला काही नाही. डॉक्टरकडे जायची गरज नाही. मात्र बाटलीच्या लेबलाबद्दल तिला एक प्रश्न जरूर विचारा. तो कोणता ते पुढे येईल.

काहीही होणार नाही असं इतक्या खात्रीनं का म्हणतो, त्याचा हिशेब मांडू. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचाच एक जुळा भाऊ आहे, ड्युटेरियम. त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असतो, म्हणून वजन दुप्पट. दोन्ही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसला की ते जड पाणी. हा भाऊ कुठल्या कारखान्यात जन्मलेला नाही. समुद्र, विहीर, नारळपाणी, ताक, जिथे जिथे पाणी आहे तिथे दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण 156 अणू ड्युटेरियमचे असतात. पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात पाणी असतं अंदाजे 26 लिटर. त्यातलं सगळं ड्युटेरियम गोळा केलं तर साडेचार ग्रॅम जड पाणी भरेल, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. तुमची मुलगी जन्मल्यापासून हा चमचा अंगात घेऊन फिरते आहे, तुम्हीही फिरता आहात. तिनं त्यात आणखी एक घातला. दहा लाखांत 156 होते ते साडेतीनशेच्या घरात गेले.

वंध्यत्वाची जी गोष्ट तुम्ही वाचलीत ती खोटी नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या शरीरातल्या पाण्यापैकी चौथा हिस्सा जड झाला की ते वंध्य होतात, हे खरं आहे. पण चौथा हिस्सा म्हणजे दहा लाखांत अडीच लाख. साडेतीनशे कुठे आणि अडीच लाख कुठे! शिवाय ते साडेतीनशेही टिकत नाहीत. लघवी, घाम आणि श्वास यांतून शरीर रोज दोन-अडीच लिटर पाणी बाहेर टाकतं आणि तेवढंच नवं घेतं. त्यामुळे आत गेलेल्या जड पाण्यापैकी अर्धं सात ते दहा दिवसांत निघून जातं, उरलेल्यातलं अर्धं पुढच्या सात ते दहा दिवसांत. दोन महिन्यांनी तिच्या शरीरात या चमच्याचा मागमूस शोधायचा म्हटलं तर फार नाजूक उपकरण लागेल. हा हिशेब जुना आहे. जॉर्ज डी हेवेशी यांनी 1934 मध्येच माणसाला पातळ केलेलं जड पाणी पाजून, ते लघवीतून किती दिवसांत बाहेर पडतं हे मोजलं होतं.

एवढ्यावरही मन शांत होत नसेल तर हे ऐका. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज नेमकं किती दूध मिळतं हे मोजण्याची एक पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं अनेक देशांत रुजवली आहे. त्यात बाळाच्या आईला 30 ग्रॅम जड पाणी प्यायला देतात, म्हणजे साडेपाच चमचे. मग चौदा दिवस आईच्या आणि बाळाच्या लाळेचे नमुने घेतात. आईच्या दुधातून बाळाच्या लाळेत किती ड्युटेरियम उतरलं त्यावरून दूध किती प्यायलं ते कळतं. अंगात चरबी किती आणि पाणी किती हे मोजायलाही हेच पाणी वापरतात. बाळंतिणीला जे देतात त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी तुमच्या मुलीच्या पोटात गेलं आहे.

आता, जड पाणी इतकं निरुपद्रवी असेल तर उंदीर मरतात का? इथे विषाची नेहमीची कल्पना बाजूला ठेवावी लागते. सायनाइड किंवा उंदराचं औषध शरीरातली एखादी नेमकी कळ दाबून ठेवतं, थोड्या मात्रेतही घात करतं. जड पाणी तसं काही करत नाही. ते फक्त सगळं हळू करतं. ड्युटेरियम जड असल्यामुळे कार्बनशी असलेला त्याचा बंध हायड्रोजनच्या बंधापेक्षा चिवट असतो. ज्या रासायनिक क्रियेत तो बंध तोडावा लागतो ती क्रिया साधारण सहा-सात पटींनी मंदावू शकते. शरीरात अशा हजारो क्रिया एकमेकींच्या तालावर चालतात. एखादी थोडी मागे पडली तर शरीर सांभाळून घेतं, सगळ्याच वेगवेगळ्या वेगानं मागे पडू लागल्या की ताल बिघडतो. कामाच्या घाईत घरातली सगळी घड्याळं वेगवेगळी मागे पडावीत, तसं. घड्याळ हा शब्द नुसता उपमेपुरता नाही. जड पाणी पाजलेल्या प्राण्यांचं झोप-जागेचं रोजचं चक्र खरोखरच लांबतं.

सर्वांत आधी मार बसतो पेशीविभाजनाला. दहावीच्या विज्ञानात तुर्कतंतू आठवतात का? पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे. हे धागे सतत जुळत आणि उसवत राहिले तरच ओढण्याचं काम होतं. जड पाण्यात ते अवाजवी घट्ट होतात, वेळेवर उसवत नाहीत, आणि पेशी अर्ध्यातच अडकते. म्हणून ज्या पेशी रोज भराभर विभागतात त्यांना पहिला फटका: अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी. मज्जा थांबली की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो. आतड्याचं अस्तर झिजलं की जुलाब लागतात. कर्करोगावरच्या केमोथेरपीत किंवा किरणोत्साराच्या मोठ्या माऱ्यात जे दिसतं तेच इथे दिसतं. यामुळेच जड पाणी किरणोत्सारी असतं असा समज पसरला असावा. ते किरणोत्सारी नाही. ड्युटेरियम हा पूर्ण स्थिर अणू आहे, त्यातून कसलेही किरण बाहेर पडत नाहीत.

प्राण्यांमध्ये पायऱ्या साधारण अशा दिसल्या. शरीरातल्या पाण्याच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जड पाणी गेलं तरी सस्तन प्राणी निभावून नेतात. वीसच्या पुढे लक्षणं दिसू लागतात, पंचवीसला वंध्यत्व, त्यापुढे आजारपण, आणि पन्नासच्या आसपास मृत्यू. उंदरांना फक्त जड पाणीच प्यायला ठेवलं तर ते साधारण आठवड्याभरात मरतात. गंमत म्हणजे हेच पाणी काही जिवाणू आणि शैवालं जवळजवळ शुद्ध अवस्थेत पचवतात, त्यात सावकाश का होईना पण वाढतात. तंबाखूचं बी मात्र शुद्ध जड पाण्यात रुजत नाही. हे गिल्बर्ट लुईस यांनी 1933 मध्येच पाहिलं होतं, आणि पहिल्यांदा शुद्ध जड पाणी वेगळं केलं तेही त्यांनीच, त्याच वर्षी. ड्युटेरियमचा शोध हॅरल्ड युरी यांचा, 1931 मधला. त्यासाठी त्यांना 1934 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या मुलीला या पायऱ्या चढायच्या तर काय करावं लागेल? पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या दोन लिटर पाण्याऐवजी रोज फक्त जड पाणी घ्यावं लागेल, साध्या पाण्याचा थेंब न घेता. चौथ्या दिवशी पंचवीस टक्क्यांचा उंबरठा येईल, म्हणजे आठेक लिटर पोटात गेल्यावर. पन्नास टक्क्यांना दहा दिवस आणि वीस लिटर. हा आमचा कागदावरचा हिशेब आहे. माणसावर असला प्रयोग कुणी केलेला नाही आणि करूही नये. जड पाण्याचा लिटरला भाव हजारो रुपये असतो. पहिल्या डबा-बाटलीतच विभागप्रमुखांच्या लक्षात येईल.

थोड्या प्रमाणात काही जाणवणारा परिणाम असेल तर तो गरगरण्याचा, पण त्यालाही चमचा पुरत नाही, मोठा पेला एकदम रिता करावा लागतो. कारण सुरेख आहे म्हणून सांगतो. आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव, आणि द्रवात एक जेलीसारखा पडदा. पडदा आणि द्रव यांचं वजन सारखं असतं, म्हणून मान कशीही कलती केली तरी पडदा लोंबत नाही. डोकं फिरलं तरच तो वाकतो आणि मेंदूला खबर देतो. जड पाणी रक्तातून आधी पडद्यात शिरतं, द्रवात उशिरा. तेवढा काळ पडदा भोवतालच्या द्रवापेक्षा जड असतो. कुशीवर झोपलं की तो खाली लोंबतो आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. दारूनं याच्या बरोबर उलट होतं, कारण ती पाण्यापेक्षा हलकी. पलंगावर पडल्यावर खोली फिरते ती त्यामुळे. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र दिल्यावर हे परिणाम एकमेकांना मारतात असं दिसलं. लग्नाच्या वरातीत कुणी हा उपाय सुचवला तर ऐकू नका.

आणि गोडीचं म्हणाल तर मुलगी खोटं बोलत नाही. युरी यांनी 1935 मध्ये चव घेऊन, साध्या पाण्याहून काही फरक नाही, असा निर्वाळा दिला होता आणि पुढे कित्येक दशकं तोच पाठ चालला. 2021 मध्ये प्राग आणि जेरुसलेम इथल्या शास्त्रज्ञांनी नीट चाचण्या घेतल्या. माणसांना शुद्ध जड पाणी किंचित गोड लागतं, उंदरांना लागत नाही. जिभेवरच्या ज्या ग्राहकांमुळे साखर गोड लागते तेच इथे कामाला येतात, हेही त्यांनी दाखवलं. गोडीची क्षमता बंद पाडणारा एक पदार्थ तोंडात घेतला की जड पाण्याची गोडीही जाते. साखर नाही, कॅलरी नाही, तरी गोड.

आता तो लेबलाचा प्रश्न. प्रयोगशाळेत एनएमआरसाठी, म्हणजे रेणूची रचना तपासणाऱ्या यंत्रासाठी, जे जड पाणी येतं त्यावर 99.9 टक्के असं लिहिलेलं असतं. तो आकडा फक्त ड्युटेरियमचा आहे, ते पिण्यायोग्य असल्याचा दाखला नाही. काही बाटल्यांत मापनाच्या संदर्भासाठी टीएसपी किंवा डीएसएस नावाचं क्षार मुद्दाम मिसळलेलं असतं, लेबलवर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. मुलीला एवढंच विचारा: बाटली बंद होती का, लेबलवर आणखी कुठलं नाव होतं का, आणि चमचा कुठला होता? चमचाभरातलं टीएसपी अगदी अल्प असतं, त्याचीही फार काळजी नाही. आम्हाला खरी काळजी त्या चमच्याची आहे. रसायनांच्या टेबलावरची उघडी बाटली, जिच्यात कालच कुणी सिरिंज घातली असेल, आणि तिथलाच एखादा स्पॅटुला चमचा म्हणून वापरलेला, यांतून मिथेनॉल, क्लोरोफॉर्म किंवा कुणाच्या प्रयोगातलं अर्धवट संयुग पोटात जाऊ शकतं. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही हा नियम पहिल्या वर्षी शिकवतात तो यासाठीच. आठवडा उलटून गेलाय आणि ती हसत फोन करते आहे, म्हणजे तसं काही झालेलं नाही. पुढच्या वेळी मात्र कान धरा.

एका बाबतीत मात्र थट्टा नाही. अणुभट्टीत वापरून झालेलं जड पाणी ही वेगळीच चीज आहे. भट्टीत न्यूट्रॉनांची गती कमी करायला जड पाणी वापरतात. तिथे काही ड्युटेरियम आणखी एक न्यूट्रॉन गिळतं आणि ट्रिटियम होतं. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. त्याचे किरण इतके दुबळे की कातडी भेदू शकत नाहीत, पण पाण्यातून पोटात गेलं तर ते सगळ्या अंगात पसरतं. 1990 मध्ये कॅनडातल्या पॉइंट लेप्रो अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्यानं भट्टीतलं थोडं जड पाणी पेयाच्या यंत्रात ओतलं आणि आठ जण ते प्यायले. आपल्या शेजारी, कारवारजवळच्या कैगा केंद्रात, नोव्हेंबर 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमचं पाणी मिसळल्याचं कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत उघड झालं. दोन्ही ठिकाणी भीती होती ती ट्रिटियमची, ड्युटेरियमची नव्हे. अशा वेळचा उपाय साधा असतो: डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरपूर पाणी पाजायचं, गरज पडली तर लघवी वाढवणारं औषध द्यायचं, म्हणजे ट्रिटियम लवकर धुऊन निघतं. तुमच्या मुलीच्या लॅबमधल्या बाटलीशी याचा संबंध नाही. एनएमआरचं जड पाणी भट्टीतून आलेलं नसतं.

थळचंही तसंच. थळ-वायशेतच्या जड पाणी प्रकल्पात अणुभट्टी नाही. शेजारच्या खत कारखान्यात अमोनियासाठी जो हायड्रोजनयुक्त वायू तयार होतो, त्यातलं नैसर्गिक ड्युटेरियम द्रव अमोनियाच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं गोळा करतात. नवं काही निर्माण होत नाही, आहे तेच वेचून घेतात. अशा प्रकल्पात सांभाळायची गोष्ट असेल तर अमोनिया आणि हायड्रोजन: एक डोळे-घसा जाळणारा, दुसरा पेट घेणारा. तुमच्या बोअरमध्ये तिथून जड पाणी येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. इतक्या मेहनतीनं थेंब थेंब जमवलेला माल कुणी जमिनीत मुरू देत नाही.

मग प्लंबर काय म्हणाला? घोटाळा सगळा भाषेचा आहे. आपल्याकडे बोलताना क्षाराच्या पाण्याला ‹जड› म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. आणि त्याच पुस्तकात ड्युटेरियमच्या पाण्याला ‹जड पाणी› हे नाव. प्लंबरनं पहिलं सांगितलं, मोबाइलनं दुसरं दाखवलं. डाळ न शिजणं हीच त्याची साक्ष आहे. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं, म्हणून शिट्ट्या वाढवल्या तरी तूरडाळ घोटली जात नाही. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीच्या कडेला खडूसारखी रेघ, केस धुतल्यावर चिकट, हे सगळं असेल तर प्लंबरचं बरोबर आहे.

तरी शंका राहत असेल तर घरच्या घरी एक परीक्षा करा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि एक लिटरची एकच बाटली घ्या. बाटलीच्या मानेवर पेनानं खूण करा. आधी विकतचं पिण्याचं पाणी खुणेपर्यंत भरून वजन करा, मग बाटली निथळून बोअरचं भरा. खरं जड पाणी एका लिटरला शंभर ग्रॅमहून जास्त वजन वाढवतं, फरक हातालाही जाणवेल. समुद्राचं पाणीसुद्धा पंचवीसच ग्रॅम वाढवतं. तुमचं बोअरचं एखाद-दुसरा ग्रॅम वाढवेल, कदाचित काटा तेवढंही दाखवणार नाही. जड पाण्याची आणखी एक खूण म्हणजे ते साधारण 3.8 अंशांवर गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. तुमच्या ट्रेमधला बर्फ तरंगतो ना?

पाणी आटवल्यानं जड होतं, म्हणून उकळून पिऊ नये, असाही एक सल्ला फिरतो. दहा लिटर पाणी आटवून एक लिटर केलं तरी ड्युटेरियम 156 वरून 165 च्या आसपास जातं. बेधडक उकळा. उलट उकळल्यानं पाण्याची तात्पुरती कठीणता जाते: दहा मिनिटं खळखळ उकळून, निववून, तळाचा साका न ढवळता वरचं पाणी गाळून घ्या. तरी डाळ अडत असेल तर कठीणता कायम प्रकारची आहे. डाळ भिजवायला आणि शिजवायला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा घाला. चिमूटच, कारण जास्त सोड्यानं डाळीतलं बी-एक जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी होते.

मशीन घेऊ नका. साधं आरओ क्षार काढतं, ड्युटेरियम नाही. साध्या आणि ड्युटेरियमवाल्या पाण्याच्या रेणूंमध्ये त्या पडद्याला जवळजवळ काही फरक कळत नाही, आणि तो फरक करायला थळला एक अख्खा कारखाना लागतो, भिंतीवर टांगायचा डबा पुरत नाही. विक्रेत्यानं टीडीएस मीटर बुडवून आकडा खाली आलेला दाखवला असेल. तो मीटर पाण्यातले विद्युतभारित क्षार मोजतो. शुद्ध जड पाण्यात बुडवला तरी तो शून्याच्या जवळच दाखवेल. खरंखुरं कमी ड्युटेरियमचं पाणी बाटलीत विकतात हे खरं, महागही असतं. पण त्यानं कर्करोग बरा होतो किंवा वय थांबतं असे जे दावे केले जातात त्यांना उपचार म्हणून मान्यता नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागातल्या बर्फात निसर्गतःच ड्युटेरियम दहा लाखांत नव्वदच्या आसपास असतं. तेही शेवटी पाणीच.

मशीनचे पैसे वाचतील त्यातले थोडे पाणी तपासायला खर्च करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी तपासून मिळतं. पंप दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपमध्ये थांबलेलं पाणी निघून जाईल. दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून, काठोकाठ भरून, बूच घट्ट लावा आणि चोवीस तासांत पोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, घरची चालत नाही. विद्राव्य क्षार, एकूण कठीणता, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि लोह एवढं तपासून मागा. भारतीय मानकानुसार एकूण कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. विद्राव्य क्षारांसाठी हेच आकडे 500 आणि 2000. क्षार 500 च्या आत आले तर आरओचीही गरज नाही, जंतूंसाठी साधं गाळून उकळणं पुरेल. फ्लोराइड दीडच्या वर किंवा नायट्रेट 45 च्या वर आलं तर मात्र ते पाणी पिण्यासाठी वापरू नका. कठीणतेपेक्षा हे दोन आकडे जास्त महत्त्वाचे.

आणि तुम्ही किनाऱ्याजवळ आहात म्हणून क्लोराइडकडे नीट लक्ष द्या. उन्हाळ्यात उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. त्यामुळे एक नमुना ऑक्टोबरमध्ये आणि एक मे महिन्यात द्या. क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, 1000 ही शेवटची मर्यादा. मेमधला आकडा ऑक्टोबरच्या मानानं बराच चढलेला दिसला तर पंपाचे तास कमी करा आणि छताचं पावसाचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायची सोय पुढच्या पावसाळ्याच्या आधी करून घ्या.